डाव्या कोपऱ्यातली दोन अक्षरं

१

कुलसचिवांनी पेटीचं झाकण उचललं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पेटी रिकामी होती.

दुपारी चार वाजता कुलगुरूंचा निरोपसमारंभ होता. चौदा वर्षं विद्यापीठ सांभाळून ते आज निवृत्त होणार होते आणि त्यांना द्यायचा गौरवग्रंथ याच पेटीत, याच कपाटात काल संध्याकाळी ठेवलेला होता. हा ग्रंथ छापील नव्हता. साठ जणांनी आपापल्या हातानं लिहिलेली साठ पानं एकत्र बांधली होती आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. पेटीची फीतही नीट बांधलेली होती. आतल्या निळ्या मखमलीवर ग्रंथाऐवजी एक म्हातारी बसली होती.

म्हातारी म्हणजे ती उडणारी. आवारातल्या उंच झाडांच्या शेंगा या महिन्यात तडकतात आणि त्यांच्या रेशमी बिया दिवसभर हवेत तरंगत राहतात. सुट्टीमुळे वर्ग रिकामे असतात, आणि त्या रिकामेपणातून हे पांढरं काहीतरी सावकाश, कुठे जायची घाई नसल्यासारखं फिरत असतं. या दिवसांत विद्यापीठ जागं आहे की झोपेत, हे सांगणं अवघड जातं.

कुलसचिव मात्र खडखडीत जागे होते. त्यांनी आधी स्वतःचे खिसे चाचपले. एवढा ग्रंथ खिशात मावत नाही हे लक्षात यायला त्यांना दोन क्षण लागले. मग त्यांनी दप्तरबाईंना बोलावणं धाडलं.

दप्तरबाई अभिलेख कक्षाच्या प्रमुख होत्या. विद्यापीठाचे सगळे जुने कागद त्यांच्या ताब्यात असत आणि हरवलेली फाइल शोधावी ती त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. शोधायची रीत मात्र अशी की पाहणाऱ्याला वाटावं, बाईंचा डोळा लागला. आताही त्या कपाटासमोरच्या खुर्चीत बसल्या, डोळे अर्धे मिटले आणि मखमलीवरच्या त्या म्हातारीकडे बघत राहिल्या.

कुलसचिवांनी हकीकत सांगितली. कपाट कुलगुरूंच्या दालनाबाहेरच्या खोलीत, म्हणजे पीए बाईंच्या खोलीत होतं. किल्ल्या दोन. एक कुलसचिवांच्या कमरेला आणि दुसरी पीए बाईंच्या ड्रॉवरमध्ये. काल सहाला ग्रंथ आत होता. आज साडेआठ वाजता, पीए बाई यायच्या आधी, सगळं ठीक आहे ना म्हणून त्यांनी सहज कपाट उघडलं आणि ही गत.

"साडेतीनपर्यंत वेळ देतो," ते म्हणाले. "नाहीतर रीतसर चौकशी लावावी लागेल. आणि चौकशी लागली की पीए बाईंची कार्यमुक्ती थांबली."

दप्तरबाईंचे डोळे पूर्ण उघडले. "त्यांची कार्यमुक्ती आज आहे?"

"हो ना, त्याही आजच निवृत्त होताहेत. कार्यक्रमात नाही घेतलं. सरांच्या दिवशी उगाच गर्दी नको." कुलसचिवांनी आवाज खाली आणला. "आणि सरांच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. काही झालं तरी."

२

पीए बाई नऊच्या ठोक्याला आल्या. आल्या आल्या त्यांनी खिडक्यांच्या कड्या तपासल्या, कारण या महिन्यात त्यांना फार जपावं लागे. एक म्हातारी नाकाजवळून गेली की सलग वीस शिंका. म्हणून झाडांच्या शेंगा तडकायला लागल्या की त्यांच्या खोलीच्या खिडक्या महिनाभर बंद असत. दप्तरबाईंच्या पदरावर बसून एक आत आलीच होती. पीए बाईंनी रुमाल नाकाला लावला आणि रुमालाआडूनच उत्तरं दिली.

किल्ली ड्रॉवरमध्येच होती आणि ड्रॉवरला कुलूप होतं. काल त्या सहाला निघाल्या तेव्हा कपाट बंद होतं. ग्रंथ त्यांनी घेतला नव्हता.

हे सगळं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. तीस वर्षांची नोकरी, आणि एवढ्या वर्षांत या बाईंच्या हातून स्वल्पविरामसुद्धा सुटला नव्हता, अशी त्यांची ख्याती होती. त्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, तळाशी, मसुदा करणाऱ्याची म्हणून त्यांची दोन बारीक अक्षरं असत. लघुस्वाक्षरी. वाचणाऱ्याला ती दिसतही नसत, पण ती नसतील तर कुलगुरू सहीला पेन उचलत नसत.

"कोणी घेतला असेल, काही अंदाज?" दप्तरबाईंनी विचारलं.

पीए बाई संगणकाकडे वळल्या आणि दोन-चार कळा दाबल्या. मग त्यांनी छापून आलेले काही कागद उचलले, कडा जुळवल्या आणि पुढे केले. "सरांच्या पदभाराची यादी. एक प्रत तुमच्या दप्तराला लागते."

निवृत्त होणारा अधिकारी आपल्या ताब्यातल्या वस्तू यादी करून परत देतो, ती ही यादी. दप्तरबाईंनी ती घडी न घालता फाइलमध्ये ठेवली आणि उठल्या. दारापर्यंत गेल्या तेव्हा मागून आवाज आला.

"बाई, फार शोधू नका. नाही सापडला तर बरं होईल."

३

खाली बांधणी विभागात म्हातारे बाइंडर एकटेच होते. चाळीस वर्षं प्रबंध आणि मासिकं बांधून त्यांची बोटं पुठ्ठ्यासारखी झाली होती. उन्हाचा एक लांबट तुकडा फरशीवर पडला होता आणि त्यात बिया तरंगत होत्या. ग्रंथ हरवल्याचं ऐकून त्यांनी जेवढं आश्चर्य दाखवायला हवं तेवढंच दाखवलं, जरासुद्धा जास्त नाही. दप्तरबाईंना ते खटकलं.

"मी तीन दिवसांपूर्वी बांधून दिला," ते म्हणाले. "त्यानंतर हातात काम नाही. बसून आहे."

त्यांनी स्टूल पुढे केलं, पण ते दाबयंत्रापासून लांब. यंत्राचा स्क्रू गच्च पिळलेला होता आणि वरून जुनं कापड टाकलेलं होतं. जवळच वाटीत खळ होती, गव्हाच्या पिठाची. दप्तरबाईंनी बसता बसता वाटी नाकाशी नेली. शिजलेल्या पिठाचा गोडसर वास आला. त्यांनी ती खाली ठेवली.

बाहेर झाडांखाली इतिहासाचे प्राध्यापक येरझारा घालत होते. ग्रंथाचं संपादन त्यांचं आणि पहिलं पानही त्यांचंच. काल दुपारी ते पीए बाईंकडे ग्रंथ मागायला गेले होते आणि बाईंनी तो दिला नव्हता, हे शिपायांनी सांगितलंच होतं. दप्तरबाईंनी तसं विचारताच प्राध्यापक बाकावर बसले.

"मला माझं पान फाडून टाकायचं होतं," ते म्हणाले. "पण मी घेतला नाही हो. धीर झाला नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचं पान होतं पुराच्या दिवसावर. अकरा वर्षांपूर्वी नदी चढली, पाणी आवारात शिरलं आणि तळघरातलं अभिलेख दालन छतापर्यंत बुडालं. पण त्याआधी तीन तास कुलगुरूंचा आदेश आला होता: सगळ्या नोंदवह्या, प्रबंध आणि हस्तलिखितं दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळांत हलवा, गरज पडली तर कुलपं तोडा. त्या एका आदेशानं विद्यापीठाची शंभर वर्षं वाचली. कुलगुरूंची सगळी कीर्ती त्या दिवसापासूनची. आजच्या समारंभातही तो आदेश चौकटीत लावून ठेवायचा होता.

"त्यासाठी तारखा तपासत होतो," प्राध्यापक म्हणाले. "सरांच्या रजेचे कागद हाती लागले. आदेशावर वेळ आहे सकाळी अकरा. बाई, त्या दिवशी दहा ते दोन सर शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. भूल दिलेली होती."

दप्तरबाई समोरच्या झाडाकडे बघत होत्या. एक शेंग तडकली आणि तिच्यातून पांढरा पुंजका सावकाश सुटा झाला.

"मग आदेश दिला कोणी?" प्राध्यापकांनी विचारलं.

४

दुसऱ्या मजल्यावर, आपल्या कपाटांच्या मधोमध, दप्तरबाई टेबलावर हात ठेवून बसल्या. खिडकी उघडी होती. जुन्या कागदांचा वास आणि बाहेरचं ऊन मिसळून खोलीला गुंगी आली होती आणि बाईंनाही.

त्या गुंगीत त्यांना तो दिवस दिसला. तळघराच्या पायऱ्यांवर पाण्याची पहिली पातळ रेघ. फोन वाजला होता आणि त्यांनीच उचलला होता. "सरांचा आदेश आहे. सगळं वर न्या. कुलपं तोडा, कागद मागून पाठवते." मग हातोहात वह्या वर गेल्या. बाइंडर होते, शिपाई होते, स्वयंपाकघरातली माणसं होती. कोणी विचारलं नाही. सरांचा आदेश म्हटल्यावर विचारायचं काय? फोनवरचा तो आवाज अकरा वर्षं त्यांच्या कानात होता, आणि तो आवाज कोणाचा हे त्यांना तेव्हाही कळलं होतं. पण निरोप देणाऱ्याचा आवाज कोण लक्षात घेतो?

त्यांनी चौकटीतला आदेश समोर घेतला. वर मजकूर, खाली कुलगुरूंची सही. डावा कोपरा कोरा होता.

दप्तरबाईंना वाईट वाटलं, ते स्वतःबद्दल. हा कागद त्यांनी शंभर वेळा हाताळला होता आणि ती दोन अक्षरं नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्या वह्या वाचल्या म्हणून त्यांची नोकरी होती, हे टेबल होतं, ही कपाटं होती.

मग त्यांनी दुसरं काम केलं. चौदा वर्षांपूर्वीची, कुलगुरू रुजू झाले तेव्हाची पदभाराची यादी काढली आणि आज सकाळी मिळालेली यादी तिच्याशेजारी ठेवली. घड्याळ, शिक्का, दालनाची चावी, एकेक बाब बोटानं जुळवत त्या खाली उतरल्या. जुन्या यादीत एकतीस बाबी होत्या. नवीनमध्ये तीस.

जी बाब गळली होती ती होती: "बाहेरील खोलीतील पोलादी कपाट, तिसरी किल्ली."

५

"चूक झाली असेल," पीए बाई म्हणाल्या.

"तुमच्या हातून?"

पीए बाई दोन्ही याद्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी रुमाल टेबलावर ठेवला. त्या बोलायला लागल्या तेव्हा जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगत होत्या.

त्या दिवशी कुलगुरू शुद्धीत नव्हते, उपकुलगुरू प्रवासात होते आणि नदीच्या काठावर राहणाऱ्या पीए बाईंच्या बहिणीनं त्यांना फोनवर सांगितलं होतं की पाणी पायरीला लागलंय. त्यांनी आदेश दिला. अधिकार नव्हता, तरी दिला. पाणी ओसरल्यावर प्रयोगशाळांची कुलपं कोणाच्या परवानगीनं तोडली म्हणून चौकशी सुरू झाली. तेव्हा कुलगुरूंनी दवाखान्यातूनच कागद मागवला, खाली सही केली आणि म्हणाले, आता हा माझा आदेश. चौकशी मिटली. मग वर्तमानपत्रांतून कौतुक सुरू झालं आणि खरं सांगायची वाटच राहिली नाही. सांगितलं असतं तर बाईंची नोकरी गेली असती.

"माझी काही तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "वह्या वाचल्या. पण सरांना ते खुपत राहिलं. दर वर्षी कोणीतरी भाषणात पूर काढायचं आणि त्यांचा चेहरा उतरायचा. आज पेटी रिकामी म्हणताच मला कळलं. त्या ग्रंथात सगळीकडे तेच असणार, आणि ते त्यांना हातात घ्यायचं नाही. नष्ट केला असेल. चौकशी माझ्यावर येऊ दे. सरांचा दिवस खराब व्हायला नको."

"तीस वर्षं ठिपका लागला नाही तुमच्या नावाला."

"म्हणूनच म्हणते. एक लागला तर लागला."

दप्तरबाई उठल्या आणि बंद खिडकीपाशी गेल्या. पलीकडून काचेला एक म्हातारी चिकटली होती, आत यायची वाट बघत असल्यासारखी. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, इतका वेळ की पीए बाईंना वाटलं, उभ्या उभ्याच झोपल्या.

"नष्ट करणारा माणूस," दप्तरबाई काचेकडे बघतच म्हणाल्या, "पेटीला परत फीत बांधून ठेवत नाही."

६

बाइंडरांनी त्यांना येताना पाहिलं आणि ते दाबयंत्राच्या पुढ्यात उभे राहिले.

दप्तरबाई स्टुलावर बसल्या. "मी सांगते, तुम्ही फक्त ऐका," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोणाला शब्द दिला असेल तो मोडायला नको."

पेटीत म्हातारी होती. त्या खोलीच्या खिडक्या पीए बाई असताना उघडत नाहीत. म्हणजे कपाट त्या नसताना उघडलं, आणि खिडकीही. कुलसचिवांनी उघडलं तेव्हा म्हातारी आधीच मखमलीवर बसलेली होती. पीए बाईंच्या आधी येऊन खिडक्या उघडणारा आणि त्या यायच्या आत आठवणीनं कड्या लावून टाकणारा माणूस एकच, कारण त्याला सकाळची हवा लागते आणि बाईंच्या शिंकाही माहीत आहेत. तिसरी किल्लीही त्याच्याकडेच. तेव्हा ग्रंथ कुलगुरूंनी नेला, याबद्दल प्रश्न नव्हता.

प्रश्न होता का नेला हा. फाडायचाच असता तर पेटीसकट गेला असता. पेटी ठेवली, फीत बांधली, म्हणजे तो परत यायचा होता, आणि कोणाला कळायच्या आत. कुलसचिवांना साडेआठ वाजता कपाट उघडायची हुक्की आली म्हणून बोभाटा झाला. आणि सरांना कळू द्यायचं नाही असा हुकूम निघाल्यामुळे, ज्याला एका वाक्यात उत्तर देता आलं असतं त्यालाच कोणी विचारलं नाही.

"तुम्ही म्हणालात, तीन दिवस हातात काम नाही," दप्तरबाई म्हणाल्या. "खळ दिवसात आंबते. ही आज सकाळची आहे. आणि दाबात मासिकं असणार नाहीत, ती सुट्टीनंतर येतात. बांधलेल्या ग्रंथातून पान काढायला खळ लागत नाही हो. खळ लागते पान घालायला."

बाइंडरांनी डोक्यावरून हात फिरवला. मग ते बाजूला झाले आणि त्यांनी कापड उचललं. दोन फळ्यांच्या मध्ये ग्रंथ होता.

"सातला आले होते," ते म्हणाले. "एक पान चिकटवायचं म्हणाले, सगळ्यात आधी. स्वतःच्या हातानं लिहिलेलं. सहा तास दाबाखाली ठेवावं लागतं म्हटलं. साडेतीनला मी स्वतः येऊन नेतो म्हणाले. उघडायचा असेल तर उघडा, पण शिवण खेचली जाईल."

दप्तरबाईंनी ग्रंथाच्या कडेवर नुसतं बोट ठेवलं. साठ पानांच्या पिवळसर कडांत एक पांढरी कड वेगळी दिसत होती. त्यात काय लिहिलंय हे वाचण्याची त्यांना भयंकर इच्छा झाली. त्यांनी ती आवरली.

कुलसचिवांना त्यांनी एवढंच सांगितलं की साडेतीननंतर कपाट उघडा, त्याआधी त्याला हात लावू नका. चोर कोण, असं कुलसचिवांनी चार वेळा विचारलं. दप्तरबाईंनी चारही वेळा डोळे मिटून घेतले.

७

चार वाजता सभागृह भरलं होतं. ऊन तिरपं झालं होतं आणि उंच खिडक्यांतून बिया आत येत होत्या, लोकांच्या डोक्यांवर उतरत होत्या, कोणी त्या झटकत नव्हतं. भाषणं झाली. कुलगुरूंची दूरदृष्टी, कुलगुरूंचा खंबीरपणा. प्राध्यापकांनी पुराचा उल्लेख टाळला, पण पुढच्या तिघांनी ती कसर भरून काढली. कुलसचिवांनी पेटी उघडली आणि आत ग्रंथ पाहून ते इतके हळवे झाले की सगळ्यांना वाटलं, सरांवर किती माया.

कुलगुरू उभे राहिले. बारीक, किंचित वाकलेले. त्यांनी ग्रंथ उघडला आणि पहिल्या पानावर हात ठेवला.

"माझ्या कार्यालयातून चौदा वर्षांत हजारो कागद बाहेर गेले," ते म्हणाले. "सगळ्यांवर डाव्या कोपऱ्यात दोन अक्षरं होती. एकच कागद तसा गेला नाही, आणि माझी सगळी कीर्ती नेमकी त्याच कागदावर उभी आहे. ज्यांची ती अक्षरं, त्यांना मी आज सकाळी, सगळ्यात पहिली सही करून, सेवेतून मुक्त केलंय. आता त्यांना कोणी काही करू शकत नाही. एवढीच वाट बघत होतो मी." त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "बाई, एक मसुदा आहे. तपासून द्याल?"

शेवटच्या रांगेतून पीए बाई उठल्या. रुमाल नाकाशी धरून, बियांच्या त्या पांढऱ्या पावसातून त्या चालत आल्या. सभागृहभर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. दप्तरबाई भिंतीशी उभ्या होत्या. आज त्यांचे डोळे टक्क उघडे होते.

पान लहानसं होतं. पूर आला त्या दिवशी मी बेशुद्ध होतो. विद्यापीठ वाचवणारा आदेश सकाळी अकरा वाजता माझ्या स्वीय सहायक बाईंनी, स्वतःची नोकरी पणाला लावून, स्वतःच्या बुद्धीनं दिला. मी फक्त सही केली. खाली कुलगुरूंची सही होती. डावा कोपरा कोरा होता.

बाईंनी ते एकदा वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. कुलगुरूंनी पेन पुढे केलं. ते त्यांनी घेतलं, पण लगेच लिहिलं नाही.

"वेळ चुकली आहे, सर," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण मागपर्यंत पोचला. "पावणेअकरा. अकराला कागद टाइप केला. आदेश मी पावणेअकराला दिला होता."

त्यांनी अकरा खोडून पावणेअकरा केलं. मग खाली वाकून, डाव्या कोपऱ्यात, नेहमीच्याच बारीक हातानं दोन अक्षरं लिहिली आणि पान सरांकडे सरकवलं.